पुसली तरी न जाणारी आज्ञावली

डॉसच्या काळात नको असलेली आज्ञावली संगणकावरून काढणे फारसे अवघड नव्हते. बहुतेक आज्ञावल्या एकेका डिरेक्टरीत राहत. ती डिरेक्टरी पुसली आणि ऑटोएक्झेक किंवा कॉन्फिग या फाइलींतली एखादी ओळ खोडली, की काम संपले.

विंडोजमुळे हे चित्र बदलले. १९९२ च्या विंडोज ३.१ वर अनेक आज्ञावल्या 'डीएलएल' नावाच्या सामाईक फाइली वापरत आणि त्या विंडोजच्याच 'सिस्टिम' डिरेक्टरीत ठेवत. एका फाइलीवर चार आज्ञावल्या विसंबून असतील, तर एकीबरोबर ती पुसून कसे चालेल? शिवाय कोणती फाइल कोणाची, याची एकत्र नोंद कुठेच नसे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये ही नोंद ठेवण्यासाठी 'रजिस्ट्री' वापरात आली आणि कंट्रोल पॅनेलमध्ये 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' हे चिन्ह दिसू लागले. मात्र येथे विंडोज स्वतः काहीच काढत नाही. आज्ञावलीच्या निर्मात्यानेच दिलेला 'अनइन्स्टॉलर' ते फक्त चालवते. तो नीट लिहिलेला नसला, तर अवशेष उरणारच.

ऑफिस २००० बरोबर १९९९ मध्ये 'विंडोज इन्स्टॉलर' आला. त्यात नोंदीची पद्धत एकसारखी झाली. पण ती नोंदच बिघडली तर आज्ञावली काढताही येईना आणि पुन्हा बसवताही येईना! त्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक सफाईचे साधन दिले होते. ते इतर आज्ञावल्यांचेही नुकसान करू शकते असे आढळल्याने २०१० मध्ये मागे घेतले गेले.

या सगळ्यांत चिवट म्हणजे बॅकअपच्या आज्ञावल्या. वापरात असलेल्या फाइलींचीही प्रत घेता यावी, म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणी विंडोज आणि डिस्क यांच्या मध्ये स्वतःचा 'फिल्टर ड्रायव्हर' बसवतात. संगणक सुरू होतानाच तो स्मृतीत येतो, आणि त्याचे नाव रजिस्ट्रीतील 'अपरफिल्टर्स' या यादीत असते. आपण त्याची फाइल हाताने पुसली आणि यादीतील नाव तसेच राहिले, तर पुढच्या वेळी डिस्कपर्यंतची साखळी तुटते आणि निळा पडदा दिसतो. सीडी लिहिणाऱ्या आज्ञावल्या काढल्यावर एक्सपीच्या काळात सीडी ड्राइव्हच नाहीशी होई, ती याच यादीपायी. बरे, रागाने पूर्ण यादीच पुसावी, तर डिस्कच्या यादीत विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हरही असतो! म्हणून शाळेच्या संगणकावर असा प्रयोग करू नये. निर्मात्याचा अनइन्स्टॉलर प्रशासकाच्या खात्यातून चालवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच गरज पडल्यास त्याच निर्मात्याचे सफाईचे साधन वापरावे. 'सेफ मोड'चा सल्ला सर्रास दिला जातो, पण तेथे विंडोज इन्स्टॉलर एरवी बंद असल्याने अनेक अनइन्स्टॉलर चालतच नाहीत.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. बॅकअपच्या फाइली पुष्कळदा ती आज्ञावलीच वाचू शकते. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आले, तेव्हा विंडोजमधील जुनी 'एनटीबॅकअप' त्यात नव्हती. लोकांच्या 'बीकेएफ' फाइली मात्र होत्या, आणि त्या उघडण्यापुरते वेगळे साधन मायक्रोसॉफ्टला द्यावे लागले. प्रत्येक कंपनी असे करीलच असे नाही. तेव्हा निकालपत्रके, हजेरी, प्रश्नपत्रिका जुन्या बॅकअपमधून आधी दुसऱ्या डिस्कवर साध्या फाइली म्हणून उतरवाव्यात, त्यांतल्या चार-दोन उघडून पाहाव्यात, आणि मग अनइन्स्टॉलरला हात लावावा.