पॅरिसच्या पाताळात कॅमेरा

पॅरिसच्या रस्त्यांखालील जुन्या दगडखाणींत लक्षावधी मृतांच्या अस्थी रचलेल्या आहेत. शहरातील दफनभूमी ओसंडू लागल्यावर, १७८६ पासून, त्या तेथे हलवण्यात आल्या. १८६१ च्या सुमारास या अंधारात कॅमेरा घेऊन उतरला तो नादार. बोदलेअरसारख्या नामवंतांची छायाचित्रे काढणारा, गाजलेल्या स्टुडिओचा धनी. खरे तर त्याला हा उपद्व्याप करण्याची काहीच गरज नव्हती!

विजेचे दिवे घरोघरी पोहोचायला अजून अवकाश होता. नादारने बुन्सेन बॅटऱ्यांवर चालणारा प्रखर विद्युत्‌दीप वापरला. बॅटऱ्या अवजड, बोळ अरुंद असला, की त्या वर रस्त्यावरच ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. एवढे करूनही एकेका चित्रासाठी काचेवर अठरा-अठरा मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागे. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल कसा राहणार? म्हणून अस्थी वाहणाऱ्या कामगाराच्या जागी त्याने चक्क कपडे चढवलेला पुतळा उभा केला. त्या चित्रांतल्या कवट्या खऱ्या आहेत; खोटा आहे तो जिवंत भासणारा माणूस.

पुढे तो शहराच्या भुयारी गटारांतही उतरला. तेथे वैरी निराळाच होता. अठरा मिनिटे संपत आली, की पाण्यावरून वाफेचा लोट उठे आणि सारी मेहनत धुरकट होऊन जाई.