आमच्या गावचा पहारेकरी : मढचा किल्ला

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, अशी समितीची आज्ञा झाली. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तालुका कचेरीतील एक कारकून. परंतु ज्या किल्ल्याच्या सावलीत लहानाचा मोठा झालो, त्याची हकिगत गावापुढे मांडावीशी वाटली.

मढचा, म्हणजेच वेसाव्याचा किल्ला सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधला. वसई व साष्टी तेव्हा त्यांच्या अंमलाखाली होती. जागा त्यांनी नेमकी हेरली. एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे मालाड खाडीचे मुख आणि पलीकडे वेसावे. खाडीत शिरणारे गलबत बुरुजावरील पहाऱ्याच्या नजरेतून सुटणे कठीण.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, फेब्रुवारी १७३९ मध्ये, आपल्या किल्ल्यावर मराठ्यांचे निशाण लागले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. सुमारे पस्तीस वर्षांनी, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाण्याबरोबर वेसावेही घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

आज बाहेरील तट व गोल बुरुज बऱ्याच अंशी उभे आहेत. आतील बांधकाम मात्र ढासळले आहे. किल्ला वायुदलाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही. लहानपणी वडिलांबरोबर होडीतून परतताना बुरुज दिसला की घर जवळ आले, असे वाटे. आज बाहेरचे लोक त्याला सिनेमाच्या चित्रीकरणाची जागा म्हणून ओळखतात. दुःख एवढेच, की आपली मुलेही तेच सांगू लागली आहेत.

जीर्णोद्धाराच्या वेळी मंदिराच्या जुन्या चौथऱ्याचे घडीव दगड टाकून द्यावेत, असे आम्हा काही जणांचे म्हणणे होते. त्यात मीही होतो. वडीलधाऱ्यांनी अडवले आणि ते दगड नव्या पायरीस लागले. आता त्यांवर पाऊल ठेवताना आपली चूक कळते. किल्ल्याचे दगड बसविणे आपल्या हाती नाही. पण तटाशी कचरा न टाकणे, भिंतीवर नावे न कोरणे आणि मुलांना १७३९ साल सांगणे, एवढे खचित आहे.

देणगीदार व ग्रामस्थ बंधुभगिनींनी मंदिरासाठी जी आस्था दाखविली, तिचा थोडा अंश या जुन्या पहारेकऱ्याच्या वाट्यास यावा, हीच देवाचरणी प्रार्थना.