स्क्रीन रीडर आणि ऑल्ट टेक्स्ट म्हणजे काय?

स्क्रीन रीडर हे मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. अनेक दृष्टिहीन व्यक्ती त्याच्या मदतीने वेबसाइट वापरतात. आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असते. विंडोजसाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते.

हे सॉफ्टवेअर मजकूर सहज वाचते, पण चित्रातली माहिती त्याला नेमकी कळेलच असे नाही. परीक्षेची सूचना फक्त फोटो म्हणून टाकली, तर ऐकणाऱ्याला ‘इमेज’ एवढाच शब्द ऐकू येऊ शकतो आणि अर्जाची तारीख हुकू शकते.

यावर उपाय म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, म्हणजेच चित्राला जोडलेले लेखी वर्णन. एरवी ते दिसत नाही, पण स्क्रीन रीडर ते वाचतो. त्यात नुसते ‘पोस्टर’ न लिहिता ‘अर्जाची शेवटची तारीख १५ जून’ असे लिहावे.

वेबसाइटसाठीच्या ‘डब्ल्यूसीएजी’ या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर फोटो टाकताना ऑल्ट टेक्स्टचा पर्याय मिळतो.