‘शिनानो’ची एकच सफर

जपानांत शिनानो नांवाचा एक जुना प्रांत होता; आजचा नागानो जिल्हा तो हाच. चोहोंकडे डोंगर, समुद्राचा कोठें स्पर्शहि नाहीं. त्याचें नांव ज्या जहाजास मिळालें त्याच्या नशिबींहि समुद्र फार थोडा आला.

१९४० सालीं योकोसुकाच्या गोदींत या जहाजाचें काम सुरू झालें तें ‘यामातो’च्या वर्गांतील तिसरी युद्धनौका म्हणून. पुढें जून १९४२ मध्यें मिडवेच्या लढाईंत जपानचीं चार विमानवाहू जहाजें बुडालीं, आणि हा अर्धवट सांगाडा विमानवाहू करावयाचें ठरलें. पूर्ण भारासह सुमारें ७२,००० टनांचें असें दुसरें विमानवाहू जहाज तेव्हां जगांत नव्हतें. विमानें उतरावयाच्या तक्तपोशीवर पोलादी चिलखत चढविलें. आकाशांतील बाँबचें भय मिडवेनें मनांत भरविलें होतें. घात मात्र पाण्याखालून व्हावयाचा होता.

१९ नोव्हेंबर १९४४ रोजीं जहाज आरमारांत दाखल झालें. पुरें झालें असें मात्र नव्हे. बारांपैकीं चार बॉयलर निकामी, तारा व नळ नेण्यासाठीं भिंतींस पाडलेलीं भोंकें तशींच उघडीं, कित्येक जलाभेद्य दारें बसावयाचीं राहिलेलीं. कॅप्टन आबे तोशिओ यांनीं मुदत मागितली. पण योकोसुकावर अमेरिकन बाँबफेकीची धास्ती होती. वरिष्ठांनीं ती नाकारली.

२८ तारखेच्या सायंकाळीं तीन विनाशिकांच्या पहाऱ्यांत ‘शिनानो’ कुरे बंदराकडे निघालें. रात्रीं ‘आर्चरफिश’ या अमेरिकन पाणबुडीनें तें हेरलें. वास्तविक पाठलागांत पाणबुडी मागेंच पडत होती. पण सभोंवार पाणबुड्यांचा कळपच असावा अशी आबे यांची समजूत. म्हणून तिच्यावर चालून गेलेली विनाशिका त्यांनीं परत बोलाविली आणि आपण नागमोडी मार्ग धरला. त्यांतल्याच एका वळणानें जहाज तिच्या तोंडासमोर आणून सोडलें. पहांटे सव्वातीनच्या सुमारास सहा पाणतीर सुटले, चार लागले.

एवढ्यानें हें धूड बुडेल असें आबे यांस वाटलें नाहीं व त्यांनीं वेग कमी केला नाहीं. त्या वेगानेंच पाणी अधिक आंत रेटलें. खलाशीहि बहुतेक नवखे. सकाळीं अकराच्या सुमारास जहाज उलटून तळास गेलें. बंदर सोडल्यास अवघे सतरा तास झाले होते. चौदाशेंहून अधिक माणसें बुडालीं, त्यांत आबेहि होते. त्यांच्या चुका उघड आहेत. पण सारा दोष त्यांच्याच माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. भोंकें उघडीं असतां जहाज समुद्रांत लोटणारे किनाऱ्यावर सुखरूप होते.

वांचलेल्यांस, बातमी फुटूं नये म्हणून, कुरेजवळील एका बेटावर डांबून ठेवण्यांत आलें. तिकडे पाणबुडीचे कमांडर जोसेफ एनराइट यांचेंहि म्हणणें वरिष्ठांस प्रथम पटेना, कारण असें जहाज अस्तित्वांत असल्याचेंच अमेरिकनांस ठाऊक नव्हतें. युद्ध संपल्यावरच त्याचें खरें नांव व खरें वजन एनराइट यांच्या खातीं मांडलें गेलें.