वजन घटवणाऱ्या औषधांचा इतिहास: साइड इफेक्ट आधी कोणाच्या लक्षात आला?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण किल्ल्यांचा नाही आणि लेण्यांचाही नाही. आज बोलूया वजन कमी करणाऱ्या औषधांच्या इतिहासावर.

आत्ताच का? २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी आलं. वेगोवीमधलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. २०२६ च्या मार्चमध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना ते स्वतः बनवून विकायची वाट मोकळी झाली. आता सिडको असो की उस्मानपुरा, "ते आठवड्याचं इंजेक्शन" हा गप्पांचा विषय आहे. कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतं, कोणी ओळखीतून मिळवतं. आणि काही जण घरी कोणालाच न सांगता घेतात.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

सुरुवात आपल्याच शहरातून

छत्रपती संभाजीनगरला इंजेक्शनवाली औषधं नवीन नाहीत. २००३ मध्ये, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, इथे कारखाने असलेल्या वोक्हार्ट कंपनीने वोसुलिन हे मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. यीस्टच्या पेशींमध्ये माणसाच्या इन्सुलिनचा जीन घालायचा आणि त्यांच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं, असं हे तंत्र.

घरात आजी-आजोबांना इन्सुलिन चालू असेल तर बघा, त्याचा साइड इफेक्ट सगळ्या घराला पाठ असतो. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं की नातवंडंसुद्धा साखर आणायला पळतात. साखर एकदम उतरणं जिवावर बेतू शकतं, तरी लाखो लोक वर्षानुवर्षं इन्सुलिन घेतात. कारण घरातल्या सगळ्यांना माहीत असतं की काय बघायचं आणि काय करायचं.

वजनाच्या औषधांचं नेमकं उलटं झालं. ती लाजेत आणि गुपचूप घेतली गेली. आणि त्याची किंमत लोकांनी मोजली.

दारूगोळ्याच्या कारखान्यातली गोळी

पहिलं महायुद्ध. फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी नावाचं रसायन वापरायचे. तिथल्या कामगारांना घाम फुटायचा, ताप चढायचा, वजन उतरायचं. काही जण दगावले.

पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कटिंग आणि टेंटर या संशोधकांनी दाखवलं की याने वजन खरंच घटतं. म्हणजे कसं, शरीर अन्नातली ऊर्जा वापरण्याऐवजी उष्णता म्हणून बाहेर टाकतं. बस्स! वर्षभरात अंदाजे १ लाख लोकांनी ते घेतलं. चिठ्ठी लागत नव्हती.

मग तरुण बायकांना मोतीबिंदू व्हायला लागला. काही जण अक्षरशः आतून तापून मेले. १९३८ मध्ये अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि हे औषध बाजारातून गेलं. पण पूर्ण गेलं नाही. आजही इंटरनेटवर "फॅट बर्नर" म्हणून ते चोरून विकलं जातं आणि त्याने मृत्यू होतात. यावर उतारा नाही, हे विसरू नका.

एको काढणाऱ्या बाईंची शंका

आता १९९० चं दशक. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या दोन गोळ्या एकत्र द्यायची लाट आली. नाव पडलं फेन-फेन. दोन्ही गोळ्यांना वेगवेगळी मान्यता होती, जोडीला मात्र कधीच नव्हती. तरी १९९६ या एका वर्षात अमेरिकेत या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या.

घोळ कोणाच्या लक्षात आला? फार्गो नावाच्या एका लहान शहरात हृदयाचा एको काढणाऱ्या तंत्रज्ञ बाईंच्या. तरुण बायकांच्या हृदयाच्या झडपा गळताना दिसत होत्या, आणि त्या बायकांमध्ये एक गोष्ट समान होती, फेन-फेन. तिथल्या डॉक्टरांनी मेयो क्लिनिकशी संपर्क केला. ऑगस्ट १९९७ मध्ये २४ बायकांच्या केसेस प्रसिद्ध झाल्या आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढलं गेलं. भारतानेही १९९८ मध्ये त्यावर बंदी घातली.

इथे थोडं थांबू. त्या बाईंना दुवा जोडता आला, कारण कोण काय घेतंय हे त्यांना कळलं होतं. रुग्णांनी गोळी लपवली असती तर? झडपा गळतच राहिल्या असत्या आणि कारण कोणालाच कळलं नसतं.

जे एकट्याला दिसत नाही

काही साइड इफेक्ट तर घेणाऱ्याला ओळखताच येत नाहीत. रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात आलं. भूक कमी करायचं, पण काहींना नैराश्य यायचं, आत्महत्येचे विचार यायचे. मन खचलं तर माणूस गोळीला दोष देतो का? तो स्वतःलाच देतो. २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली, २००९ मध्ये भारतात बंदी आली.

सिब्युट्रामिनचं तर आणखी अवघड. वजन जास्त असलेल्या माणसाला हार्ट अटॅक आला तर औषधावर संशय कोण घेणार? सुमारे १०,००० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात तुलना केली तेव्हा कळलं की हृदयविकार असलेल्या लोकांत औषध घेणाऱ्यांना अटॅक आणि पक्षाघात जास्त होतायत. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते थांबलं, २०११ मध्ये भारतात. आणि तरी "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग कॅप्सूलमध्ये हेच सिब्युट्रामिन पुन्हा पुन्हा सापडलंय. डब्यावर पानांचं चित्र आहे म्हणून आत पानंच असतील असं नाही.

विषारी सरडा आणि आजचं पेन

आजच्या इंजेक्शनची कुळकथा वेगळी आहे. जीएलपी-१ हे आपल्या आतड्यात तयार होणारं हार्मोन. जेवल्यावर ते इन्सुलिनला मदत करतं, पोट हळू रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं, "पुरे आता." पण रक्तात ते दोन-तीन मिनिटंच टिकतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यातून २००५ मध्ये मधुमेहाचं एक्झेनाटाइड आलं. पुढे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड.

म्हणजे वजनासाठी गाजण्याआधी या औषधांचा मधुमेहाच्या रुग्णांमधला बरीच वर्षं अनुभव जमा झाला होता. डीएनपी किंवा फेन-फेनला हे भाग्य नव्हतं. २०२३ मध्ये १७,६०४ लोकांच्या अभ्यासात दिसलं की हृदयविकार असलेल्यांमध्ये सेमाग्लुटाइडने अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे एकत्रित २० टक्क्यांनी कमी झाले. सिब्युट्रामिनच्या बरोबर उलट.

याचा अर्थ त्रास होत नाही असा नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं, आणि १०० पैकी ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली. पण पोटाच्या त्रासामुळे औषध सोडणारे १०० पैकी पाचच्या आत होते. बहुतेकांचा त्रास सांभाळता येण्यासारखा होता.

मग सांभाळायचं कसं?

पहिली गोष्ट, डोस. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि साधारण चार-चार आठवड्यांनी वाढतं, कारण पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. मित्राचा डोस १ मिलिग्रॅम आहे म्हणून तुम्ही तिथून सुरू करायचं नाही. मळमळ थांबत नसेल तर डॉक्टर खालच्या डोसवर जास्त दिवस ठेवू शकतात.

दुसरी गोष्ट, ताट. पोट हळू रिकामं होतंय, त्यात नान-खलियाची भरलेली प्लेट गेली तर रात्रभर ढेकर आणि उलट्या. थोडं थोडं खा, तळलेलं-तेलकट कमी करा, पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा, जेवून लगेच आडवं होऊ नका. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून डाळ, अंडी, दही, पनीर आणि थोडा वजनांचा व्यायाम हवाच.

तिसरी गोष्ट, आपला मे महिना. मराठवाड्याच्या उन्हात उलट्या-जुलाब सुरू झाले आणि भूक-तहान दोन्ही मेलेली असेल, तर शरीर पटकन कोरडं पडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. घोट घोट पाणी, ताक, ओआरएस चालू ठेवा.

आणि थांबायच्या खुणा. पोटात जोराची, पाठीकडे जाणारी कळ. डोळे पिवळे होणं. पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी कमी होणं. अचानक दिसेनासं होणं. यातलं काहीही झालं तर पुढचं इंजेक्शन नाही, थेट दवाखाना. रात्र असेल तर घाटीचा अपघात विभाग उघडा असतो.

घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. लग्नासाठी बारीक व्हायचंय म्हणून घेणाऱ्या मैत्रिणींनो, मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हेही विचारून घ्या.

शेवटचं

भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर डॉक्टरच नाही, तुम्हीसुद्धा फोन करून त्रास नोंदवू शकता. फार्गोच्या त्या बाईंनी जे केलं, त्याचाच हा आपल्या हातातला प्रकार.

औषध घ्यायचं की नाही, हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा. पण घेत असाल तर घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. आजीच्या इन्सुलिनला साखर घेऊन पळणारं कोणीतरी आहे, तसं तुमच्यासाठीही कोणीतरी हवं ना?

भाग आवडला तर अशा एका मित्राला पाठवा, ज्याच्या फ्रिजमध्ये ते पेन आहे पण तो बोलत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!