सीलिॲक विकारातील आहार

गहू, जव (सातू) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्यातील अंकुरिका झिजतात आणि लोह, कॅल्शियम यांसारख्या पोषकांचे शोषण घटते. जुलाब, पंडुरोग, मुलांची खुंटलेली वाढ ही प्रमुख लक्षणे होत. विकार आनुवंशिक प्रवृत्तीशी निगडित आहे. गव्हाचा यातील दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच आजवरचा खात्रीचा उपचार आहे. या बाबतीत महाराष्ट्राचे ताट मुळातच सोयीचे: ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदळाची भाकरी, वरी, राजगिरा, डाळी सर्व चालतात. रवा, मैदा, शेवया, लापशी टाळणे सोपे असते. खरी अडचण छुप्या गव्हाची. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असू शकतो आणि गिरणीत गव्हामागून दळलेल्या ज्वारीतही तो मिसळतो. म्हणून दळण घरच्या वेगळ्या चक्कीवर करावे. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. या विकाराचा संशय आला तरी रक्ततपासणी व आतड्याची बायॉप्सी होईपर्यंत गहू सोडू नये. सोडल्यास निदान चुकू शकते.