अस्सल, तालीक आणि झेरॉक्स : बारामती-इंदापूरकडील कागदांच्या निमित्तानें

बारामती व इंदापूर या तालुक्यांचीं नांवें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परकीं नाहींत. इंदापूर परगणा शहाजीराजांच्या मोकाशांत होता. बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा आहे, व त्यांच्याच आश्रयानें मोरोपंतांचें (१७२९-१७९४) आयुष्य त्या गांवीं गेलें. इंग्रजी अमलांत गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी १८३५-३६ च्या सुमारास प्रथम इंदापुरांतच सुरू झाली व तोच कित्ता पुढें मुंबई इलाख्यांत गिरविला गेला. अशा मुलखांतील जुन्या घराण्यांत पोथ्या, सनदा, महजर, निवाडपत्रें व मोजणीचे कागद निघावेत, यांत नवल नाहीं.

परंतु संग्राहक आज अशा घरीं गेला असतां त्याच्या हातीं पुष्कळदां अस्सल कागद पडत नाहीं. पडते ती त्याची झेरॉक्स. अस्सल वांटणींत कोणाकडे गेला, दाव्यांत दाखल झाला, कीं वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडला, हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. मग या प्रतीस पुराव्याच्या दृष्टीनें किती किंमत द्यावयाची? आमचें म्हणणें असें कीं, तें यंत्र कागद कसा पाहतें हें समजून घेतल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं.

तालीक कशी पारखावी हें आपणांस ठाऊक आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ पासून प्रसिद्ध केलेले साधनांचे २२ खंड काय, किंवा कै. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग काय, दोहोंच्या मुळाशीं हातानें केलेल्या नकलाच आहेत. नक्कलकार मोडीचें अक्षर चुकीचें लावील, ओळ गाळील. पण शिक्का दिसल्यास ‘येथें शिक्का आहे’ असें लिहून ठेवील. म्हणजे त्याच्या चुका माणसाच्या चुका असतात. यंत्राच्या चुका निराळ्या जातीच्या आहेत.

या यंत्राचा जन्मही नकलेच्या कंटाळ्यांतूनच झाला. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्क येथें एका कारखान्याच्या पेटंट खात्यांत नोकरीस होता. पेटंटांच्या प्रती व आकृत्या पुरेशा कधींच मिळत नसत, आणि हातानें उतरून घेणें त्यास जिकिरीचें होई. त्यानें व त्याचा सहायक ऑटो कोर्नाय यानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं अस्टोरिया येथें पुढील प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा लेप देऊन तो अंधारांत कापडानें घासला. त्यामुळें त्यावर विजेचा भार आला. कांचेच्या पट्टीवर शाईनें तारीख व गांवाचें नांव लिहून ती पट्टी पत्र्यावर ठेविली व कांहीं क्षण प्रखर दिवा लाविला. जेथें प्रकाश पोंचला तेथील भार निघून गेला. अक्षरांच्या छायेखालचा तेवढा राहिला. मग त्यावर लायकोपोडियम नांवाची वनस्पतिजन्य भुकटी टाकून फुंकर मारतांच भुकटी अक्षरांपुरतीच चिकटून राहिली, व मेणकागदावर घेऊन ती उष्णतेनें पक्की करण्यांत आली.

जुन्या पत्रांवर ओली शाई टिपण्यासाठीं वाळू टाकीत व मग ती झटकीत, हें वाचकांस माहीत आहेच. शाईंत अडकलेले कण आजही चमकतांना दिसतात. येथेंही प्रकार तोच. ओल्या शाईच्या जागीं विजेचा अदृश्य भार आहे, एवढाच काय तो फरक.

या शोधाचें पेटंट १९४२ सालीं मिळालें. १९४४ पासून ओहायोमधील बॅटेल संस्थेनें त्यावर काम केलें, आणि गंधकाऐवजीं सेलेनियम हें मूलद्रव्य प्रकाशास पुष्कळच अधिक संवेदनशील असल्याचें तेथें दिसून आलें. रॉचेस्टर येथील हॅलॉइड कंपनीनें हक्क घेऊन १९४८ सालीं ही क्रिया जाहीर केली. ‘कोरडें लेखन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तिचें ‘झेरोग्राफी’ असें नांव ठेविलें गेलें. १९४९ च्या पहिल्या यंत्रांत प्रत्येक क्रिया हातानेंच करावी लागे : सेलेनियमच्या पत्र्यावर तारेंतून हजारों व्होल्टांचा भार देणें, कॅमेऱ्यांत प्रकाश देणें, भुकटी ओघळविणें, कागद ठेवून पुन्हां भार देणें व शेवटीं भट्टींत तापविणें. १९५९ सालीं दाखविलेल्या ९१४ या यंत्रांत पत्र्याऐवजीं फिरता दंडगोल आला व सर्व क्रिया आपोआप होऊं लागल्या. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची प्रत निघे, म्हणून हा आंकडा. भारतांत मोदी झेरॉक्स ही कंपनी १९८३ सालीं निघाली. आणि कंपनीचें नांव तेंच क्रियेचें व प्रतीचेंही नांव होऊन बसलें.

आतां या कृतीपासून निघणारे निष्कर्ष पाहूं. पहिला रंगाचा. सेलेनियम निळ्या प्रकाशास फार संवेदनशील व तांबड्यास जवळजवळ आंधळें असतें. म्हणून जो रंग निळा प्रकाश परत पाठवितो तो त्यास पांढरा दिसतो, आणि जो गिळतो तो काळा. पोथींतील हिंगुळाचे दंड व श्लोकांक काजळी शाईइतकेच काळे उमटतात. लेखकानें चूक झांकण्यासाठीं लाविलेली हरताळ काळसर डाग होऊन बसते. पत्रावरील कुंकवाचा ठिपका शाईचा थेंब वाटतो. उलट निळ्या पेन्सिलीची दप्तरी खूण अजीबात नाहींशी होऊं शकते. सबब, जुन्या प्रतींत खाडाखोडीसारखा दिसणारा डाग बनावटीचा पुरावा मानण्यापूर्वीं तो हरताळीचा तर नव्हे, हें पाहिलें पाहिजे.

दुसरा निष्कर्ष शिक्क्याचा. त्या आरंभीच्या यंत्रांत भुकटी भाराच्या कडेशीं जोरानें ओढली जाई. मोठ्या काळ्या पृष्ठाच्या मध्यभागीं ओढ कमी पडे. त्यामुळें बारीक रेघ उत्तम उठे, पण भरींव काळा भाग आंतून पोकळ निघे. ज्या शिक्क्यांत जमीन काळी व अक्षरें पांढरीं असतात, त्याचा ठसा अशा प्रतींत विरलेला दिसेल. तेवढ्यावरून मूळचा शिक्का अस्पष्ट होता असें अनुमान काढणें घातक होय. मोडीची धांवती रेघ हें यंत्र विश्वासानें सांगतें. शिक्क्याविषयीं त्याची साक्ष दुबळी आहे.

तिसरा निष्कर्ष मापाचा. महजर कित्येक हात लांब असतो. चौदा इंचांच्या कांचेवर तो तुकड्यातुकड्यांनींच घ्यावा लागतो. बंदांचा जोड, जोडाच्या पाठीवरील खूण, कागदाची जात व त्यांतील जलचिन्ह यांपैकीं कांहींच प्रतींत येत नाहीं. आणि कागद अस्सल कीं बनावट, याचा निर्णय बहुधा याच गोष्टींवर ठरतो.

पुढील यंत्रांत यांतील कांहीं दोष कमी झाले. म्हणून प्रत कोणत्या काळची हें आधीं ठरवावें. १९५४ सालीं निघालेल्या दुसऱ्या एका पद्धतींत कागदावरच झिंक ऑक्साइडचा लेप असे. तसला कागद खडूसारखा लागतो व जड असतो. साध्या कागदावरील प्रतीची भुकटी मात्र काजळी व राळ यांची असते. काजळी आपल्या शाईंतीलच, ती उडत नाहीं. परंतु राळ कागदांत मुरलेली नसून वर वितळून बसलेली असते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवल्यास अक्षरें पाकिटास चिकटून निघून येतात. तेव्हां अशी प्रत कागदी वेष्टनांतच ठेवणें इष्ट.

एवढ्यावरून झेरॉक्स टाकाऊ, असें आम्ही म्हणत नाहीं. अस्सल नष्ट झाल्यावर अक्षराचें वळण दाखविणारी तीच एकटी उरते, आणि तें काम तालीक करूं शकत नाहीं. आमची विनंती इतकीच कीं, बारामती-इंदापूरकडे वा अन्यत्र ज्यांच्या हातीं अद्याप अस्सल कागद आहेत, त्यांनीं प्रत काढतांना तिच्या पाठीवर पेन्सिलीनें चार गोष्टी नोंदवाव्या : शाईंचे रंग, कागदाची लांबी-रुंदी व जोड, शिक्क्याचें वर्णन, आणि अस्सल कोणापाशीं आहे तें. जुना नक्कलकार ‘येथें शिक्का आहे’ असें लिहीत असे. यंत्र तें लिहीत नाहीं. तें आपणच लिहिलें पाहिजे.